अल्पसंख्याकांचे हक्क आणि राज्यकारभाराची शुद्धी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी जुन्या आठवणी काढाव्यात, ज्यांनी डोक्यावरून दगड-माती वाहून हे मंदिर उभारले त्यांचे ऋण मानावे, आणि आनंदाने घरोघर परतावे, अशी रीत आहे. व ती रीत चांगली आहे. आधीच्या वक्त्यांनी ते काम उत्तम रीतीने केले आहे. आम्हांस मात्र एका निराळ्या विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत. या लोकशाही राज्यात आपणांसारख्या थोड्यांचे हक्क कशाच्या आधाराने टिकतात, आणि कशाने बुडतात, हा तो विषय होय. कोणी म्हणेल, धर्मगुरूने राजकारणात कशाला पडावे? त्यास आमचे उत्तर असे की, अमुक पक्षास मत द्या, असे सांगणे आमचे काम नव्हे, व ते आम्ही कधी सांगणारही नाही. परंतु न्याय कोणता आणि अन्याय कोणता, हे सांगणे आमचे काम आहे. आणि ते काम कचेरीच्या किंवा विधानभवनाच्या दाराशी येऊन संपत नाही.

संत पौलाची हकीकत तुम्हांस ठाऊक आहे. यरुशलेमेत त्याला धरले, बांधले, आणि चौकशीवाचून फटके मारण्याची तयारी केली. तेव्हा पौल मुकाट्याने पाठ पुढे करून राहिला नाही. आपण रोमी नागरिक आहो, आणि दोषी ठरविल्यावाचून रोमी नागरिकास फटके मारणे कायद्यात बसते काय, असे त्याने विचारले. त्या एका प्रश्नाने शिपायांचे हात थांबले. पुढे त्याला कैसरियास फेलिक्स सुभेदारापुढे नेले. तेथे पौलाने कायदा सांगितला, पुरावा मागितला, परंतु निकाल लागला नाही. शास्त्र त्याची दोन कारणे देते. एक, पौलाकडून काही पैसा मिळेल अशी सुभेदारास आशा होती. आणि दुसरे, जाता जाता पौलाच्या विरोधकांची मर्जी संपादावी असे त्याला वाटत होते. दोन वर्षे एक निरपराध मनुष्य कैदेत खितपत पडला, तो कायदा वाईट होता म्हणून नव्हे; कायदा चांगलाच होता. तो चालविणारा लाचेला आणि बहुतांच्या मर्जीला विकला गेला होता. आमचे सारे म्हणणे या हकीकतीत आहे. हक्क कायद्यात लिहिलेला असावा लागतो, तो मागण्याचे धैर्य असावे लागते, आणि तो देणाऱ्याचा हात स्वच्छ असावा लागतो. या तिहींपैकी एक नसले तरी उरलेली दोन व्यर्थ होतात.

आता आपल्या देशाकडे वळू. २०११ सालच्या खानेसुमारीप्रमाणे भारतात ख्रिस्ती लोक शेकडा २.३, म्हणजे सुमारे २ कोटी ७८ लक्ष होते; आणि महाराष्ट्रात सुमारे १० लक्ष ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही किंचित कमी. एवढ्या थोड्या लोकांनी राज्यात आपली जागा कशी राखावी, हा प्रश्न राज्यघटना तयार होत असतानाच उभा राहिला होता. सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने १९४७ साली असे सुचविले होते की, अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळांत काही जागा राखून ठेवाव्यात. परंतु १९४९ च्या मे महिन्यात, अनुसूचित जातींखेरीज इतर अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढून टाकाव्यात, असा ठराव समितीपुढे आला. आणि तो मांडणारे गृहस्थ स्वतः ख्रिस्ती होते. ते म्हणजे संविधान सभेचे उपाध्यक्ष, बंगालचे डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी. येशूसंघाचे फादर जेरोम डिसूझा हेही त्या सभेचे सभासद होते, व त्यांनीही या धोरणास पाठिंबा दिला.

ही गोष्ट आपल्या तरुणांनी नीट समजून घेण्यासारखी आहे. हातात येत असलेल्या जागा या मंडळींनी का सोडल्या? त्यांस आपल्या लोकांची काळजी नव्हती म्हणून खास नव्हे. राखीव जागांवर मूठभर माणसे निवडून आली तरी मतदानाच्या वेळी ती मूठभरच राहणार, आणि बाकीचे सभासद मात्र त्या समाजाचे सुखदुःख आपले नव्हे असे समजू लागणार, हा धोका उघड होता. त्याऐवजी, सर्वांना सारखे लागू असणारे मूलभूत हक्क घटनेत पक्के बसवावेत, आणि ते मोडले गेल्यास कोणाही नागरिकास न्यायालयाचे दार ठोठावता यावे, हा मार्ग अधिक भक्कम ठरला. धर्म पाळण्याचा, आचरण्याचा व प्रचार करण्याचा हक्क २५ व्या कलमात आला. ‘प्रचार’ हा शब्द राहू द्यावा की काढावा, यावर १९४८ च्या डिसेंबरात सभेत मोठा वाद झाला, आणि तो शब्द राहिला. तो राहावा म्हणून बोलणाऱ्यांत हिंदू सभासदही होते. थोड्यांचा हक्क थोड्यांच्याच बळावर उभा नसतो, याची ही पहिली साक्ष होय.

आपल्या शाळांचा आधार जे ३० वे कलम, तेही असेच आहे. धर्मावर किंवा भाषेवर आधारलेल्या प्रत्येक अल्पसंख्य समाजास आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क ते देते. यातील ‘भाषेवर’ या शब्दाकडे लक्ष द्या. बेळगावकडील मराठी बोलणारा मनुष्य कर्नाटकात अल्पसंख्य आहे. त्याची मराठी शाळा ज्या कलमाच्या छायेखाली उभी आहे, त्याच कलमाच्या छायेखाली आपली शाळा उभी आहे. म्हणून हे कलम म्हणजे ख्रिस्त्यांवर केलेली मेहेरबानी आहे असे जो म्हणतो, तो आपल्याच भाऊबंदांचे छप्पर काढून घेतो. मात्र या हक्काला मर्यादाही आहे. केरळच्या शिक्षणविधेयकाविषयी राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने मत दिले, त्यात सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी असा आशय स्पष्ट मांडला की, कारभार करण्याचा हक्क म्हणजे गैरकारभार करण्याचा हक्क नव्हे. पुढे अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात, १९७४ साली, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने या हक्काचे रक्षण केले. पण शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी घातलेले वाजवी नियम आम्हांस लागू नाहीत, असे म्हणण्याची मुभा तेव्हाही कोणास मिळाली नाही.

येथून आम्ही अधिक अवघड भागाकडे येतो. अल्पसंख्याकांचे हक्क म्हटले म्हणजे बाहेरच्या जुलमापासून संरक्षण, एवढेच आपल्या मनात येते. परंतु घराच्या भिंतीच्या आत जो दुर्बळ आहे, त्याचे काय? सलाफहादाच्या मुलींची गोष्ट आठवा. बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचे वतन दुसऱ्यांकडे जाणार होते. त्या पाचजणी मोशेपुढे उभ्या राहिल्या व आपला वाटा मागितला. आणि त्या म्हणतात ते रास्त आहे, असा परमेश्वराचाच निकाल झाला. कायद्यात सुधारणा मागणे हे धर्माविरुद्ध बंड नव्हे, हे त्या कथेवरून दिसते. तरीही त्रावणकोरात १९१६ सालच्या ख्रिस्ती वारसा कायद्याप्रमाणे, बाप मृत्युपत्र न करता वारल्यास, मुलीला मुलाच्या वाट्याच्या चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. मेरी रॉय या बाईंनी हा अन्याय सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि २४ फेब्रुवारी १९८६ रोजी निकाल झाला की, तो जुना कायदा आता लागू नाही. १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे, व त्यात मुलगा-मुलगी समान आहेत. या निकालास सर्वांत कडवा विरोध बाहेरच्यांनी केला नाही. तो आपल्याच धर्मबांधवांतून झाला, हे सांगण्यास आम्हांस खेद होतो.

दुसरे उदाहरण १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्याचे. विवाहबंधनाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण तुम्हांस माहीत आहे, व ती कोणत्याही विधिमंडळाच्या ठरावाने बदलत नाही. परंतु त्या कायद्यात नवऱ्यास एक न्याय व बायकोस दुसरा होता. नवऱ्याने पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा त्याग यांसारखा आणखी एक अपराध सिद्ध करावा लागे. एकच पाप पुरुषाचे हलके व स्त्रीचे जड, असे शुभवर्तमानात कोठे आहे? हा भेद २००१ सालच्या दुरुस्तीने गेला. म्हणजे त्यास १३२ वर्षे लागली. आणि तिसरे उदाहरण आपल्या देवळांशी निगडित आहे. १९२५ च्या वारसा कायद्याच्या ११८ व्या कलमाप्रमाणे, जवळचा नातलग हयात असलेल्या ख्रिस्ती मनुष्यास धर्मदायासाठी मालमत्ता ठेवावयाची असेल, तर मृत्यूपूर्वी निदान बारा महिने मृत्युपत्र करून ते सहा महिन्यांच्या आत ठराविक कचेरीत ठेवावे लागे. मरणाची तारीख आधी कोणास कळते? हिंदू, मुसलमान यांस ही अट नव्हती. फादर जॉन वल्लमत्तम या केरळच्या धर्मगुरूंनी हे कलम आव्हानिले, आणि २००३ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. ज्या समतेच्या तत्त्वाने मुलीला वाटा दिला, त्याच तत्त्वाने देवळाला देणगी मोकळी केली. समता ही आपल्या सोयीपुरती मागता येत नाही. ती आली म्हणजे घरातील सर्व खोल्यांत शिरते.

एक खोली अद्याप अंधारीच आहे. १९५० च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस त्या लागू झाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलित बांधवांस त्या मिळाल्या नाहीत. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांच्या आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली, २०२२ साली आणखी एक आयोग नेमला गेला, आणि न्यायालयातही हा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. ही मागणी न्याय्य आहे. परंतु ती करताना आपल्या समाजात सोयरीक जुळविताना कोण कोणाची जात विचारतो, याचाही झाडा प्रत्येकाने आपल्या मनाशी घ्यावा. सरकारपुढे जी जात दुःख म्हणून सांगावयाची, तीच घरी अभिमान म्हणून मिरवावयाची, हे दुटप्पीपण होय.

आता लाचलुचपतीविषयी. पुष्कळांस वाटते की भ्रष्टाचार हा सर्वांचा सारखाच शत्रू आहे. त्यात अल्पसंख्याकांचा वेगळा प्रश्न कोणता? आमच्या मते वेगळा प्रश्न आहे, आणि तो मोठा आहे. ज्याच्या मागे संख्या आहे, त्याला कायदा नसला तरी संख्येचे बळ असते. ज्याच्या मागे धन आहे, त्याला धनाचे बळ असते. ज्याच्याजवळ दोन्ही नाहीत, त्याला एकच आधार, तो म्हणजे कागदावर लिहिलेला कायदा. तो कायदाच विकाऊ झाला की, लिलावात सर्वांत आधी हरणारा तोच. नाबोथाचा द्राक्षमळा अहाबाने कसा घेतला? तलवार उपसून नव्हे. पत्रे लिहिली गेली, शिक्का मारला गेला, वडीलधारे बसले, साक्षीदार उभे केले. सारे रीतसर झाले, आणि निरपराध्याची जमीन गेली. आपल्या भागात ज्याने सातबाऱ्यावर परक्याचे नाव अकस्मात चढलेले पाहिले आहे, त्यास ही कथा समजावून सांगण्याची गरज नाही.

या रोगावर औषध मुळीच नाही, असे मात्र म्हणू नका. गेल्या पंचवीस वर्षांत न्यायालयांनी व कायद्याने पुष्कळ केले आहे. उमेदवाराने आपल्यावरील खटले, मालमत्ता व शिक्षण जाहीर केले पाहिजे, असे २००२ साली ठरले. त्याच सुमारास महाराष्ट्रात, आणि २००५ साली साऱ्या देशात, माहितीचा अधिकार आला. शिक्षा झालेल्या आमदार-खासदारास केवळ अपील केले म्हणून जागेवर राहता येत असे. लिली थॉमस या केरळच्या ख्रिस्ती वकीलबाईंनी ती तरतूद न्यायालयात नेली, व १० जुलै २०१३ रोजी ती रद्द झाली. ती पुन्हा जिवंत करण्यासाठी वटहुकुमाचा बेत झाला, पण लोकांचा रोष पाहून तो सोडावा लागला. पाहा, अल्पसंख्य समाजातील एका स्त्रीने आपल्या समाजासाठी काही मागितले नाही. सर्व देशासाठी स्वच्छ कायदेमंडळ मागितले. आपल्या हक्कांचे याहून चांगले रक्षण कोणते? पुढे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी, देणगीदाराचे नाव मतदारापासून लपविणारी निवडणूक रोख्यांची योजना पाच न्यायाधीशांनी एकमताने रद्द केली. आणि ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांनी सांगितले की, लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्यास सभासदत्वाच्या विशेषाधिकाराआड लपता येणार नाही. १९९८ सालच्या निकालाने ती पळवाट उघडी ठेवली होती. ती बुजण्यास सव्वीस वर्षे लागली.

परंतु बंधुभगिनींनो, सभागृहातील मत विकले जाते त्याआधी गावातील मत विकले गेलेले असते. काही वर्षांपूर्वी एका निवडणुकीच्या तोंडावर एक उमेदवार आमच्याकडे आले होते. माणूस सभ्य, बोलणे गोड. देवळाच्या आवारात फरसबंदी करून देतो, असे ते म्हणाले. आणि त्याच्या मोबदल्यात रविवारच्या मिस्सेनंतर आम्ही त्यांच्याविषयी दोन चांगले शब्द बोलावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आम्ही त्यांस चहा दिला, आणि नकार दिला. त्यानंतरचे दोन पावसाळे तुम्ही सर्वांनी चिखल तुडवीत काढले, आणि काहींनी आमच्या कानावर जाईल अशा बेताने कुरकुरही केली. फादरांचे काय जाते, चिखलात घसरतात ते आमचे म्हातारे, असे कोणी म्हणाले. त्या बोलण्यात दुःख होते, व ते आम्ही मनावर घेतले. परंतु त्यांस आम्ही तेव्हा जे सांगितले तेच आजही सांगतो. ज्याने आपले मत फरशीच्या भावाने विकत घेतले, त्याच्याकडे उद्या शाळेच्या अनुदानासाठी, दफनभूमीच्या जागेसाठी किंवा कोणा निरपराध मुलाच्या सुटकेसाठी आपण कोणत्या तोंडाने जाणार? त्याचा-आपला हिशेब तेव्हाच चुकता झालेला असतो. शेवटी तुम्हीच घरटी वर्गणी काढली व फरशी घातली. तिच्यावर कोणाच्या नावाची पाटी नाही. आणि म्हणून तिच्यावरून ताठ मानेने चालता येते.

यासंबंधी कायदाही स्पष्ट आहे, व तो धर्मगुरूंनी विशेष ध्यानात ठेवला पाहिजे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाप्रमाणे मतासाठी देणगी हा भ्रष्ट आचार आहेच. शिवाय अमक्याला मत न दिल्यास देवाचा कोप होईल, असे मतदाराच्या मनात भरविणे हाही भ्रष्ट आचार आहे. धर्माच्या नावावर मत मागण्यासही त्या कलमाने बंदी आहे. मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात, २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरविले की, ही बंदी उमेदवाराच्या धर्मापुरती नसून मतदाराच्या धर्मालाही लागू आहे. आपल्यापैकी काहींस हे बंधन जाचक वाटते; पण विचार करा. धर्माच्या नावाने मते मागण्याची मोकळीक सर्वांस मिळाली, तर शेकडा एकाहून कमी असलेल्यांच्या पदरात काय पडेल? हे बंधन आपल्यासाठी कुंपण आहे.

आता करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. पहिले, लाच देऊ नका. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणारा हाही गुन्हेगार आहे; जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्यासच कायदा सोडतो. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. तो लिहून ठेवा. दुसरे, दाखला, उतारा, परवाना हे ठरलेल्या मुदतीत मिळणे हा २०१५ च्या सेवा हक्क कायद्याने तुमचा हक्क आहे. अर्ज द्या, पोच घ्या, मुदत मोजा. काम उशिरा होईल, हेलपाटे पडतील. तेवढा क्रूस उचलण्याची तयारी ठेवा. आपल्या वकील व शिक्षक मंडळींनी महिन्यातून एक रविवार देवळाच्या सभागृहात बसून गरिबांचे अर्ज लिहून द्यावेत, आणि ते कोणत्याही धर्माच्या मनुष्यास लिहून द्यावेत. तिसरे, मुलींचा वाटा कायद्याने येतो तो सुखाने द्या. माहेरच्या मायेची भीती घालून हक्कसोडपत्रावर सह्या घेऊ नका. आणि चौथे, आपले घर आधी झाडा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याने हिशेब तपासून घेण्याचे बंधन आहेच. पण कायदा मागतो तेवढ्यावर आम्ही थांबणार नाही. या महोत्सवासाठी जमलेल्या वर्गणीचा आणि झालेल्या खर्चाचा पैन्‌पैचा हिशेब देवळाच्या दारावर लावण्यात येईल, व ज्यास शंका असेल त्याने ती उघड विचारावी. जो समाज आपल्या धर्मगुरूस हिशेब विचारण्यास कचरतो, तो मंत्र्यास काय विचारणार?

पौल दोन वर्षे कैदेत राहिला, पण त्याने सुभेदारास पैसा दिला नाही, आणि कायद्याचा आधारही सोडला नाही. नव्या सुभेदारापुढे त्याने थेट कैसरापाशी दाद मागितली. ज्या वाटेने तो रोमेस बेड्या घालून गेला, त्याच वाटेने शुभवर्तमानही रोमेत पुढे गेले. आपल्या पूर्वजांनी ही पन्नास वर्षे देऊळ राखले. पुढील पन्नास वर्षांत आपल्या मुलांनी देऊळ राखावेच, आणि त्याबरोबर शेजाऱ्याचा हक्कही राखावा. कारण शेजाऱ्याचा हक्क गेला की आपला फार दिवस उरत नाही. परमेश्वर आपणां सर्वांस स्वच्छ हात, निर्भय जीभ आणि दीर्घ धीर देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.